नाकेदार

आमच्या कॉलनीत त्यांना नाकेदार म्हणत. सगळी नोकरी त्यांनी पेडण्याच्या हद्दीवर, अबकारी खात्याच्या नाक्यावर काढली होती, म्हणून हे नाव पडलं असेल असं मला वाटलं होतं. राहायला येऊन आठ दिवस झाले नाहीत तोच कळलं, की या नावाचा नाक्यापेक्षा नाकाशी जास्त संबंध आहे. पुढे मला थोडी कोकणी कळायला लागली, तेव्हा आणखी एक शोध लागला. तिथे 'नको'ला 'नाका' म्हणतात, आणि हा माणूस दिवसभर कुणाला ना कुणाला 'नाका, नाका' म्हणूनच सांगत असतो. हें खावं नाका, तें हाडूं नाका, म्हणजे हे खाऊ नका, ते आणू नका. एकाच माणसाला एकच नाव तिन्ही अर्थांनी चिकटलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

नाक दिसायला काही खास नव्हतं. उलट त्या लांबोळक्या चेहऱ्यावर ते जरा आखूडच वाटे. माणूस उंच, हाडकुळा. अंगात बिनकॉलरचा सदरा, खाली नोकरीतली खाकी अर्धी चड्डी, आणि सदऱ्याच्या खिशात कायम पांढऱ्या खडूचा तुकडा. निवृत्तीनंतर चार-पाच वर्षं झाली होती तरी खडू काही सुटला नव्हता. नाक्यावर तपासलेल्या गाडीच्या मागच्या फळीवर ते खडूने फुली मारत. फुली म्हणजे तपासलं, चोख आहे, जाऊ द्या. बंद जीपच्या मागे उभं राहून, ताडपत्रीला हातही न लावता, आत फेणी आहे, पहिल्या धारेची हुर्राक आहे की नुसते काजूचे बोंडू आहेत हे ते सांगत, अशी त्यांची ख्याती होती. स्वतः मात्र आयुष्यात एक थेंब घेतला नाही. जप्त केलेली दारू गटारात ओतून टाकायचं कामही त्यांच्याचकडे असायचं.

"इतली फेणी हांवें गटाराक पाजल्या बाये," ते सांगत, "थंयचे बेबे लेगीत धडपडत चलताले."

बेबे म्हणजे बेडूक, हे मला दोन दिवसांनी कळलं. मग मी एकटीच स्वयंपाकघरात हसत बसले.

मी गडहिंग्लजची. आमचे 'हे' डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागले आणि आम्ही गावाच्या कडेला नव्याने झालेल्या चोवीस बिऱ्हाडांच्या कॉलनीत तळमजल्यावर घर घेतलं. गोव्याला राज्य मिळून फार वर्षं झाली नव्हती, कोकणी राजभाषा झाली होती आणि आमच्या सोसायटीच्या सभेतही भाषेचा प्रश्न निघालेला होता. तो असा सुटला, की इतिवृत्त मराठीत लिहायचं आणि भांडायचं कोकणीत. माझं मराठी 'घाटावरचं शुद्ध' ठरलं, त्यामुळे आल्या आल्या लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी आमचं सामान उतरत असताना नाकेदार वरच्या मजल्यावरून तांब्या घेऊन खाली आले आणि मला म्हणाले, "उदक घे गो बाये." आमच्याकडे उदक सोडतात ते वेगळ्या प्रसंगी. नव्या घरात पाऊल टाकते न टाकते तोच हा माणूस काय अभद्र बोलतो, म्हणून मी दोन पावलं मागे सरले. त्यांनी तांब्या आमच्या ह्यांच्या हातात दिला आणि जाता जाता माझ्या मसाल्याच्या डब्याजवळ थबकले. "खोबरें जुनें आसा," म्हणाले. मला राग आला. रात्री डबा उघडून पाहिला तर खोबऱ्याला खवट वास येत होता.

तसं पाहिलं तर त्यांचं नाक सगळ्यांच्याच घरात खुपसलेलं असे. पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की आधी पाव यांच्या नाकाशी जाई, मग लोकांच्या हाती. "आयज सूर उणी घाल्या," म्हणजे पीठ आंबवायची ताडी कमी घातली, असं म्हणाले की पोदेर मान खाली घालून पायडल मारी, कारण ते खरं असे. मासळीवाली त्यांना पाहून टोपलीवरचं ओलं फडकं घट्ट करी. जिन्यात उभं राहून ते कुणाच्या घरात आज काय शिजतंय आणि कुणाच्या घरात काय करपलंय हे सांगू शकत. बायका नाकं मुरडत, पण मुलाला ताप आलाय की नुसतं खेळून अंग तापलंय हे विचारायला त्यांच्याच दारात जात. ते मुलाच्या डोक्याचा वास घेऊन सांगत. ते कसं कळतं, हे मी विचारलं होतं. "तापाक खाटोट येता," म्हणाले, म्हणजे तापाला आंबूस वास येतो. यावर पुढे काय विचारणार?

पण त्यांचं खरं काम सकाळचं. नळाला पाणी साडेपाचला यायचं आणि साडेसातला जायचं. रस्त्यावरून आलेली नळाची ओळ आधी आमच्या तळमजल्याच्या तीन घरांना आणि आवारातल्या एका सामाईक नळाला पाणी देई, मग उरलेलं जमिनीखालच्या टाकीत पडे आणि तिथून पंपाने वर चढे. सव्वापाचला नाकेदार काचेचा ग्लास घेऊन सामाईक नळापाशी हजर. ग्लासाला ते 'कोप' म्हणत. पहिल्या धारेचं पाणी कोपात घ्यायचं, वर तळहात झाकायचा, दोनदा हलवायचं, हात काढून नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. मग खिशातून खडू काढून नळाच्या सिमेंटच्या खांबावर एक फुली. झालं. कॉलनीला पाणी प्यायची परवानगी मिळाली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी थांबवलंही नव्हतं.

आमच्या चिमीला या कार्यक्रमाचं भारी वेड. दोन वर्षांची पोर, पण नळाचा आवाज ऐकून उठायची आणि खिडकीच्या गजांना धरून उभी राहायची. फुली मारून झाली की नाकेदार खडूचं बोट तिच्या नाकाला लावत. 'चेडूं पास', म्हणजे पोरगी पास, असं म्हणत. मग दिवसभर ती पांढरं नाक घेऊन घरात हिंडे आणि पुसू देत नसे.

त्या वर्षी उन्हाळ्यात चिमी आजारी पडायला लागली. पोट बिघडायचं, दोन दिवसांत बरं व्हायचं, आठवड्याने पुन्हा बिघडायचं. तिसऱ्या खेपेला तिचं अंग इतकं हलकं झालं, की उचलून घेताना मला भीती वाटली. डॉक्टर म्हणाले पाणी उकळा. मी उकळत होतेच. पण अंघोळीच्या वेळी ती नळालाच तोंड लावते, हे मला कुठे ठाऊक होतं? गडहिंग्लजहून सासूबाईंचं पत्र आलं. पोरीला तिथलं पाणी मानवत नाही, तिला वर्षभर इकडे आणून ठेवा. ह्यांनी पत्र घडी घालून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "आई म्हणते ते काय चुकीचं नाही." दोन वर्षांच्या लेकराला वर्षभर दुसरीकडे ठेवायचं, आणि परत आणलं तेव्हा ते मला ओळखेल की नाही हे बघायचं.

त्याच आठवड्यात सामाईक नळाच्या खांबावर फुली उमटायची थांबली. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी नाकेदार आमच्या दारात.

"बाये, उदकाक घाण येता. पयल्या धारेक. मागीर वता. तुका येना?"

मागीर वता म्हणजे नंतर जाते, एवढं मला कळलं. मी पाणी आणून पाहिलं. स्वच्छ होतं. तळाशी काही नव्हतं, वर काही तरंगत नव्हतं. "नाही काका," मी म्हटलं.

"येता," ते म्हणाले. "चेडवाक हें उदक दिवं नाका. आनी तूं बरय. पाण्याच्या कचेरीक अर्ज बरय."

पोरीच्या काळजीने मी लगेच लिहायला बसले. लिहिताना माझी लेखणी अशी काही चालली, की काय सांगू. 'महोदय, आमच्या वसाहतीतील नळाच्या पाण्यात घाण येते. त्यामुळे लहान मुलांच्या आरोग्यास धोका उत्पन्न झाला आहे. तरी टाकीची त्वरित पाहणी व्हावी.' नाकेदारांसमोर कागद ठेवला. त्यांनी तो वाचला नाही. हुंगला. "शाय नवी आसा," म्हणाले आणि खाली सही केली.

कचेरीतून दोन माणसं आली, ती बारा वाजता. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, बॅटरी मारली, एकाने काठीने तळ ढवळून पाहिला. टाकी महिन्यापूर्वीच धुतलेली. तिच्यात घाण म्हणावी तर साधं पानही नव्हतं. त्यांनी जागेवरच लिहून दिलं, की पाहणी केली, पाण्यात घाण आढळली नाही, तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

त्या रविवारी सोसायटीची सभा झाली. आमचे चेअरमन आमच्याच तळमजल्यावर राहणारे निवृत्त बँक अधिकारी होते. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, आणि कमरेला चांदीची तपकिरीची डबी. टाकी त्यांनीच उभं राहून धुवून घेतली होती, त्यामुळे अर्जाचा त्यांना चांगलाच राग आला होता. त्यांनी कचेरीचं उत्तर दोनदा वाचलं. मग तपकीर ओढून म्हणाले, "नाकेदार, तुमची घाण खंय आसा ती आमकां दाखयात मरे."

लोक हसले. नाकेदार उभे राहिले. "दिसता ती न्हय चेअरमन," ते हळूच म्हणाले. "येता ती."

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाच्या बोलीत घाण म्हणजे वास. दुर्गंधी. घाण येता म्हणजे वास येतो, घाण ना म्हणजे वास नाही. पाण्याला वास मारतो, एवढंच ते सांगत होते. गडहिंग्लजच्या बाईने त्याची पाण्यात येणारी घाण केली, कचेरीतल्या माणसांनी ती टाकीत शोधली, आणि नसलेली घाण सापडली नाही म्हणून खरा वास निकालात निघाला. चूक माझी होती, ढळढळीत माझी. मी उठायला लागले. नाकेदारांनी माझ्याकडे न बघताच हात खाली केला, बस म्हणून.

"अर्ज कोणें बरयलो?" कुणीतरी विचारलं.

"सही माजी आसा," नाकेदार म्हणाले.

त्यावर ठराव झाला, की यापुढे पाण्याबद्दल सोसायटीच्या नावाने एकही अर्ज जायचा नाही. तो ठराव इतिवृत्तात मलाच लिहायचा होता. मी शुद्ध मराठीत लिहिला. इतकी लाज मला कुठल्याच अक्षरांची कधी वाटली नव्हती.

सभा संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "काका, मी सगळ्यांना सांगते. चूक माझी आहे."

"सांगून कितें जातलें?" ते म्हणाले. "ते म्हणटले घाटी बायल, तिका कितें कळटा. तुका हांगा जल्म काडचो आसा. माका सगले हांसतात, ताची माका संवय आसा."

मी म्हटलं, पोरीला गडहिंग्लजला पाठवायचं चाललंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. "केन्ना?"

"पुढच्या महिन्यात सासरे न्यायला येणार आहेत."

"बरें," म्हणाले आणि वर गेले. मला वाटलं, बरं म्हणजे पाठवा. मी त्या रात्री खूप रडले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आमच्या दारात पाण्याने भरलेली कळशी दिसायला लागली. कोपऱ्यावरच्या एका घराच्या विहिरीचं पाणी. नाकेदार स्वतः आणून ठेवत. "चेडवाक हेंच," एवढंच म्हणत. नहाणीतल्या नळाला त्यांनी सुतळीने फडकं गुंडाळून टाकलं, आणि चिमीने त्यावरून त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.

मग ते सामाईक नळाच्या आसपास वेड्यासारखे हिंडायला लागले. आवारात गुडघे टेकून जमिनीचा वास घेत. रस्त्यापासून ओळीच्या कडेकडेने, वीत वीत पुढे सरकत. मुलं मागे लागत. एक दिवस ते मैल्याच्या चेंबरच्या झाकणापाशी येऊन थांबले आणि तिथेच उकिडवे बसून राहिले. संध्याकाळी त्या झाकणाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "नळाची ओळ हाचे पोटांतल्यान गेल्या." पाणी सुरू असताना पाइप भरलेला असतो, पाणी गेलं की तो रिकामा होतो आणि फट असेल तिथून बाहेरचं आत ओढतो. सकाळी पहिल्या धारेबरोबर ते ओढलेलं बाहेर पडतं. आधी फट बारीक असणार, वास येण्याइतकी ती आता वाढली. टाकीत जाईपर्यंत ते इतकं पातळ होतं, की बारा वाजता येणाऱ्याला काय दिसणार? हे सगळं त्यांनी मला एका नळकांड्याने आणि चहाच्या कपाने करून दाखवलं.

"मग चेअरमनना सांगा ना."

"तांकां कितें सांगतलो? तपकिरीन तांचें नाक मेलां."

त्यानंतर दोन दिवस नाकेदार दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते हळर्णच्या बसमधून उतरले आणि डिचोलीच्या बाजारातून चालत आले. खांद्यावर होता गर्राफांव. म्हणजे वेताच्या जाळीत बसवलेली ती मोठी पोटफुगी काचेची बाटली. फेणीने गच्च भरलेली. हळर्णला त्यांच्या भावाची काजूची भट्टी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खिशात परवाना होता, रस्त्यात चौघांना त्यांनी तो न विचारता दाखवला. पण लोकांना परवान्यात रस नव्हता. आयुष्यभर थेंब न घेतलेला माणूस म्हातारपणी अख्खा गर्राफांव घरी नेतो आहे, ही बातमी त्यांच्या आधी कॉलनीत पोचली. सभेत अपमान झाला, तो जिव्हारी लागला, एकटा माणूस, बायकोही नाही, शेवटी लागलाच नादी. चेअरमननी मान हलवून खेद व्यक्त केला.

मला ते खरं वाटलं नाही, पण काळजी वाटली. वर गेले. गर्राफांव खाटेखाली ठेवलेला, तोंडाला लाकडी बूच, आणि नाकेदार खुर्चीत बसून शेंगदाणे खात होते.

"काका, हे कशाला?"

"गटाराक पाजूंक," म्हणाले. "आदल्यो संवयो."

मग त्यांनी बेत सांगितला. मैल्याला वास येतो असं म्हटलं तर लोक म्हणतात, आम्हाला येत नाही. पण फेणीचा वास येत नाही असं म्हणणारा माणूस गोव्यात जन्मायचा आहे. पाणी गेलेलं असताना फेणी त्या चेंबरमध्ये ओतायची. फट असली तर सकाळी ती नळात येईल. नसली तर आपण खोटे.

"मग आज संध्याकाळीच ओता," मी म्हटलं. माझ्या मनात एकच दिवस मोजला जात होता, सासरे येण्याचा.

नाकेदारांनी मान हलवली. "नाका. चेअरमन धोंड न्हय? शिरगांवची जत्रा जातकच."

मी विसरलेच होते. चेअरमन शिरगावच्या देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त. जत्रेच्या आधीचे काही दिवस धोंड कडक सोवळ्यात असतात, वेगळं शिजवून खातात, अंगाला दुसऱ्याची सावलीही लागू देत नाहीत. त्या दिवसांत त्यांच्या नळाला फेणी आली असती, तर केलेलं सगळं व्रत पाण्यात गेलं असतं. भर सभेत ज्याने हसं केलं, त्याच्या व्रतासाठी हा माणूस आठ दिवस थांबायला तयार होता, आणि तेवढे आठ दिवस आमच्या दारात विहिरीच्या पाण्याच्या दुप्पट कळश्या ठेवत होता. मला त्यांचा राग आला होता, हे मी कबूल करते. आता त्या रागाची आठवण आली की मान खाली जाते.

जत्रा झाली. चेअरमन परत आले, सोवळं उतरलं. घरची मंडळी अजून शिरगावलाच पाहुण्यांकडे होती. त्या दिवशी संध्याकाळी, उजेड असतानाच, नाकेदारांनी चेंबरचं झाकण सरकवलं आणि गर्राफांव आडवा केला. सगळी कॉलनी गॅलऱ्यांतून बघत होती. माणूस दारू पिणार म्हणून नजर लावून बसलेल्या लोकांना तो ती मैल्यात ओतताना दिसला, तेव्हा कुणाला काय वाटावं ते सुचेना. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर हळहळून डोळे मिटून घेतले. रिकाम्या बाटलीवर खडूने फुली मारून नाकेदार वर गेले. जाताना आम्हा तळमजल्यावरच्या तिन्ही घरांत सांगून गेले, की सकाळी पहिलं पाणी भरू नका. दोन घरांनी ऐकलं. चेअरमन 'बरें, बरें' म्हणाले आणि विसरले.

सकाळी साडेपाचला नळाने नेहमीसारखा खोकला काढला. मी बादली लावली होती, प्यायला नाही, बघायला. पहिली धार पडली आणि माझं डोकंच गरगरलं. बादलीत भट्टी लागली होती जणू. मी दार उघडून बाहेर धावले. सामाईक नळापाशी नाकेदार कोप नाकाशी धरून डोळे मिटून उभे होते. एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिलं नव्हतं. हळूहळू गॅलऱ्यांतून माणसं उतरली. ज्याने त्याने धारेखाली ओंजळ धरली, हुंगली आणि नाकेदारांकडे पाहिलं.

तेवढ्यात चेअरमनांचं दार उघडलं. ते नुकतेच न्हाऊन बाहेर पडले होते. ओले केस, ताजं गंध, खांद्यावर पंचा, हातात दुधाची किटली. त्यांनी हातपाय धुतले होते, चार तांबे डोक्यावरून घेतले होते. सगळं त्याच पाण्याने. आणि तपकिरीमुळे त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. फाटकापाशी दूधवाला उभा होता, त्याने किटली हातात घेतली आणि एकदम मागे सरकला.

"चेअरमन," तो भीत भीत म्हणाला, "सकाळींच?"

"सकाळींच कितें?"

दूधवाल्याने काही सांगितलं नाही. आमच्यापैकीही कुणी सांगितलं नाही. चेअरमन डोक्यापासून पायापर्यंत घमघमत उभे होते आणि लोक हसू दाबायला एकमेकांच्या पाठीमागे लपत होते. शेवटी नाकेदार पुढे झाले. त्यांनी चेअरमनांचा हात धरला, त्यांना बाजूला नेलं, आणि कोप त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "हुंगूं नाका. जिबेक लावन पळयात."

चेअरमननी जिभेला लावलं. जीभ काही तपकिरीने मेली नव्हती. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यांनी चेंबरकडे पाहिलं. माणूस हिशेबाचा पक्का, दोन अधिक दोन करायला त्यांना वेळ लागला नाही. फेणी जिथून आली, तिथून रोज काय येत होतं? ते तसेच ओलेत्याने खाली बसले.

"आमी हें पियेताले," म्हणाले.

"पियेताले," नाकेदार म्हणाले. टोमणा नाही, काही नाही.

त्याच दिवशी चेअरमननी स्वतः कचेरीत जाऊन माणसं आणली, सकाळची पहिली धार दाखवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा आणली. चेंबर फोडलं. पाइपाचा सांधा गंजून बोटभर उघडला होता. मे संपायच्या आत नवी ओळ आवाराच्या दुसऱ्या बाजूने, जमिनीच्या वरून आली. चिमीचं पोट सुधारलं. सासरे तिला न्यायला आले, चार दिवस राहिले, पोरीला कैऱ्या खाताना बघून एकटेच परत गेले. त्या दिवशी मी नाकेदारांच्या पाया पडले, तर त्यांनी माझ्या हाताचा वास घेतला आणि म्हणाले, "आयज खोबरें ताजें आसा."

ही गोष्ट कॉलनीत अजून सांगतात, पण तिच्यात माझा अर्ज नसतो. तो फक्त आम्हा दोघांना माहीत होता.

पुढे बरीच वर्षं गेली. खांबावर रोज नवी फुली, पावसाने पुसली की पुन्हा नवी. एका पावसाळ्यात नाकेदारांना मोठा ताप आला, पंधरा दिवस सर्दीने हैराण होते. उठले, हिंडू लागले, पुन्हा सव्वापाचला नळापाशी. एक दिवस ते आमच्या स्वयंपाकघरात बसून गप्पा मारत होते आणि मी मागे कपडे वाळत घालत होते. धावत आले तर दूध उतू जाऊन तळाशी करपून घरभर वास सुटलेला. शेगडीपासून दोन हातांवर नाकेदार बसले होते, चिमीच्या वहीचं कव्हर घालत. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

मी शेगडी बंद केली आणि पातेलं मागच्या दारी नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून मात्र सकाळी मीही नळावर जायला लागले. निमित्त काय, तुळशीला पाणी. कोप मी भरायची, त्यांच्या हाती देता देता माझ्या नाकापाशी जरा रेंगाळायची, आणि म्हणायची, "आज बरं दिसतंय." ते कोप घेत, डोळे मिटत, सवयीने बराच वेळ लावत आणि फुली मारत. एकदा पावसाळ्यात पाण्याला गाळाचा वास आला, तेव्हा मी म्हटलं, "आज जरा हे वाटतं का काका?" त्यांनी तोंड वाकडं केलं आणि फुली मारली नाही. कॉलनीत कुणालाही संशय आला नाही. एकदा त्यांनी माझं झाकलं होतं, आता मी त्यांचं झाकते आहे आणि त्यांना ते ठाऊक नाही, याचं मला मनातून फार बरं वाटे. दोन वर्षं हे चाललं.

मग एका सकाळी मलाच सर्दी झाली. नाक गच्च बंद. तरी गेले. कोप भरला, नाकापाशी नेला, काही म्हणता काही कळेना. चेहरा सरळ ठेवून म्हटलं, "आज बरं दिसतंय."

नाकेदारांनी कोप घेतला, पण नाकाशी नेला नाही. माझ्या लाल झालेल्या नाकाकडे पाहिलं. मग कोप खांबावर ठेवला आणि काढलेला खडू पुन्हा खिशात टाकला.

"आयज नाकेदार सुटयेर आसा," म्हणाले. "चेडवाक आपय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सर्दीचं म्हणून मी पदराने पुसलं. आत जाऊन चिमीला उठवलं. सोळा वर्षांची झाली होती, परीक्षेची जागरणं, केस पिंजारलेले. डोळे चोळत बाहेर आली, काही न विचारता कोप उचलला, वर तळहात झाकला, दोनदा हलवला, हात काढून नाक आत घातलं आणि डोळे मिटले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"घाण ना, आजोबा," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली.

नाकेदारांनी खिशातून खडू काढून तिच्या हातात दिला. तिने खांबावर फुली मारली आणि खडूचं बोट त्यांच्या नाकाला लावलं. फुली जरा तिरकी आली होती.